सात सोंगट्यांचा निर्वाळा

गो महासंघाची यादी जाहीर झाली तेव्हा बाकीच्या खेळाडूंनी ती पहिल्या पानापासून वाचायला घेतली असेल. मुग्धा ढमढेरेने सरळ सन २०२७ चं पान काढलं. कुठे बघायचं हे तिला ठाऊक होतं, आणि नेमकं तेच तिचं दुखणं होतं.

नोंद चार ओळींची होती. राष्ट्रीय अजिंक्यपद, अंतिम डाव, पुणे. काळ्या सोंगट्या मुग्धा ढमढेरे, पांढऱ्या सुमेध खरात. जाहीर निकाल, काळा दीड गुणाने विजयी. आणि खाली लाल अक्षरांत: उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या सात पांढऱ्या सोंगट्या उभयपक्षी मृत धरल्या, प्रत्यक्षात जिवंत.

ज्यांनी गो कधी पाहिला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. एकोणीस उभ्या आणि एकोणीस आडव्या रेघांचा पट. रेघा जिथे छेदतात तिथे एकाने काळी, दुसऱ्याने पांढरी सोंगटी आळीपाळीने ठेवायची. ठेवलेली सोंगटी पुढे हलत नाही. तिला लागून असलेला मोकळा छेद म्हणजे तिचा श्वास. सगळे श्वास कोंडले की ती उचलली जाते. ज्याने जास्त मोकळी जागा वेढली तो जिंकला. पांढऱ्याची पाळी दुसरी, म्हणून त्याला मोबदल्यादाखल साडेसहा गुण मिळतात. निकालात तो अर्धा गुण दिसतो तो त्यापायी. नियम सगळे पोस्टकार्डावर मावतील. भांडणं मात्र मावायची नाहीत.

कारण या खेळाचा शेवट पंच करत नाही. दोघेही 'पास' म्हणतात आणि मग एकमेकांशी बोलतात. ह्या तुझ्या गेल्या, ह्या माझ्या गेल्या. कोंडलेली सोंगटी प्रत्यक्ष मारून दाखवावी लागत नाही; दोघांचं एकमत झालं की ती मेली. कित्येक शतकं हा खेळ असा दोन माणसांच्या शब्दावर संपत आला.

निर्वाळा नावाचं यंत्र आलं आणि शब्दाची गरज संपली. त्याआधीही संगणक माणसाला सहज हरवत होते, पण ते सांगत तो अंदाज असे: ही सोंगटी शंभरात सत्त्याण्णव वेळा जगेल. उरलेल्या तीन वेळांचं काय म्हणून विचारलं की गप्प. पुण्यातल्या दोन गणितज्ञांनी वेगळी वाट धरली. डाव संपत येतो तेव्हा पटावर सोंगट्यांच्या भिंती उभ्या राहिलेल्या असतात, आणि भाऊ वेगळे निघाल्यावर घराचं होतं तसे पटाचे तुकडे पडलेले असतात. एका खोलीतली चाल दुसऱ्या खोलीत पोचत नाही. मग अख्खा पट एकदम सोडवायचा कशाला? एकेक तुकडा घ्यायचा, त्यातली प्रत्येक चाल, तिचं प्रत्येक उत्तर, उत्तराचं उत्तर असं तळापर्यंत तपासायचं, आणि शेवटी तुकड्यांची बेरीज करायची. ही बेरीज कशी करायची याचं गणित त्या दोघांनी पूर्ण केलं आणि प्रकाशावर चालणाऱ्या नव्या चिपांनी उरलेली हमाली केली. निर्वाळा अंदाज देत नव्हता, सिद्धता देत होता. पटाच्या कडेला एक बोटभर दिवा बसवला की झालं. दोन्ही पास झाले की तो मेलेल्या सोंगट्यांवर निळा उजेड पाडायचा, आणि त्याच्याशी कोणी वाद घालू शकत नव्हतं.

वाद मिटले याचं महासंघाला एवढं आनंदाचं भरतं आलं की त्यांनी जुने डावही यंत्रात घातले. अजिंक्यपदाचे सहाशे डाव नोंदवलेले होते. त्यातले एक्केचाळीस चुकीचे निघाले, म्हणजे दोघांनी मिळून जिवंताला मेलेलं ठरवलं होतं. त्यात भले भले होते. आता या निकालांचं करायचं काय? सचिव नाफडे हे जन्मभर तंटे मिटवत आलेले गृहस्थ. त्यांनी तोडगा काढला. दोन्ही खेळाडूंनी 'त्या वेळी त्या सोंगट्या मृत आहेत असं मला मनापासून वाटत होतं' असं लिहून दिलं, तर तो परस्पर गैरसमज, निकाल कायम. एकाला जरी खरं दिसलेलं असेल तर निकाल उलटा आणि विजेत्यांच्या फलकावरचं नाव बदलणार. आता मला दिसलं होतं आणि मी गप्प बसलो, असं कोण कशाला लिहून देईल? नाफडेंना ते पक्कं माहीत होतं. त्यांना निखारे विझवायचे होते, फुंकायचे नव्हते.

मुग्धाला मात्र दिसलं होतं.

बावीस वर्षांपूर्वीची ती दुपार तिला आजही जशीच्या तशी आठवे. डाव संपल्यातच जमा होता. भिंतींच्या मधे काही मोकळे छेद उरले होते, ज्यांत सोंगटी ठेवून कोणालाच गुण मिळत नाही. ते नुसते भरून टाकायचे असतात. खेळाडू ते काम भराभर करतात, जेवण झाल्यावर ताटं उचलावीत तसं, गप्पा मारत मारत. सुमेधने एक भरला, तिने एक भरला, त्याने एक. शेवटचा तिच्या वाट्याला आला. तिने काळी सोंगटी टेकवली, बोट उचललं, आणि त्या क्षणी तिला कळलं की आपण आपल्याच भिंतीचा एक श्वास बुजवला. आता सुमेधने कोपऱ्यात एक सोंगटी टाकली असती तर तिची भिंत कोसळणार होती आणि आत कोंडलेल्या त्याच्या सात सोंगट्या मोकळ्या होणार होत्या. पाळी सुमेधची होती. त्याने कोपऱ्याकडे बोट केलं आणि विचारलं, "ह्या माझ्या गेल्या ना?"

"हो," मुग्धा म्हणाली.

नियम मोडला नव्हता. नियमात एकमत लिहिलं होतं आणि एकमत झालं होतं. शिवाय तिच्याजवळ एक हिशेब होता, तो तिने बावीस वर्षांत हजारदा केला होता. तो शेवटचा मोकळा छेद भरण्याआधी तिने आपल्या भिंतीत आतून एक सोंगटी भरून डागडुजी केली असती, तर तिचा एक गुण कमी झाला असता. दीडाऐवजी अर्ध्या गुणाने ती जिंकलीच असती. डाव तिचाच होता. ताटं उचलताना हात घसरला म्हणून अख्खं जेवण कोणाला द्यायचं का?

विजेत्याला जपानात वर्षभर शिकायला मिळालं. ती गेली, परत आली, आणि एरंडवण्यात एका दातांच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्यांत तिने गोचे वर्ग सुरू केले. पाटीवर 'गोशाळा' लिहायचा मोह तिने आवरला, नाहीतर लोक चारा घेऊन आले असते. आज तिचे विद्यार्थी देशभर खेळतात. सुमेध त्या डावानंतर पुन्हा पटाकडे फिरकला नाही. जपानी भाषेच्या वर्गात दोघांची ओळख झाली होती आणि चार वर्षं दर रविवारी दोघं खेळले होते. पण त्याने फोन घेणं बंद केलं आणि पुढे तिनेही करणं सोडलं.

यादी आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. बावीस वर्षांनी, आणि तो हसत होता. म्हणाला, मुग्धे, आंधळे होतो गं आपण दोघं. तो चाकणच्या एका बेअरिंगच्या कारखान्यात तपासणी विभागाचा प्रमुख झाला होता आणि राहायला तळेगावला होता. गुरुवारी त्याची सुट्टी असे. येऊ का, असं त्याने विचारलं, आणि तिला नाही म्हणता आलं नाही.

तो तिच्या वर्गावर आला तो घरामागच्या वाफ्यातली वांगी घेऊन. डोक्यावरचे केस गेले होते, आवाज तोच होता. थोडं इकडचं तिकडचं झाल्यावर तो खुर्चीत पुढे सरकून बसला.

"मला एक बोलायचंय. ते बोलल्याशिवाय वांग्यांची भाजीसुद्धा गोड लागायची नाही तुला," तो म्हणाला. "त्या दिवशी घरी गेल्यावर मी डाव परत मांडला. मला चाल दिसली. अर्ध्या तासात दिसली. स्वतःच्या जिवंत सोंगट्या मीच मेल्या म्हणून सांगितल्या होत्या."

मुग्धाने वांग्यांची पिशवी बाजूला सरकवली.

"मग डोक्यात किडा शिरला. मला वाटलं, मुग्धाला दिसलंच असणार. ती माझ्यापेक्षा खोल वाचते. दिसलं आणि गप्प बसली. बावीस वर्षं हेच धरून बसलो गं. तुझं नाव पेपरात आलं की पान उलटायचो. आता ही यादी बघितली. एवढे दिग्गज, त्यांनाही दिसलं नाही. मग म्हटलं, आपण किती कुजकं मन घेऊन जगलो. माझं निवेदन मी त्याच दिवशी पाठवून दिलं. दोघांनाही दिसलं नव्हतं, असं लिहिलंय. मला माफ कर."

त्या वेळी बोलायला हवं होतं. मुग्धाने पाण्याचा पेला उचलला, ठेवला, आणि म्हणाली, "अरे, काय हे. जुनी गोष्ट." म्हणजे दुसऱ्यांदा तोच प्रकार, आणि यावेळी तर अर्ध्या गुणाचा हिशेबही मदतीला नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली. पण तो इतका मोकळा होऊन हसला की ती लाज तिने गिळली.

मग तो दर गुरुवारी यायला लागला. हात गंजला होता, पण दोन आठवड्यांत सुटला. दोघं खेळत, भांडत, जपानी वर्गातल्या बाईंच्या नकला करत. मुग्धा खुश होती, आणि किती खुश आहे हे लक्षात आलं की तिला टेबलाचा खण आठवे. तिचं निवेदन त्यात कोरं पडलं होतं. एक्केचाळीस डावांपैकी चाळीसांची निवेदनं आली, नाफडेंनी दोनदा फोन करून आठवण केली, मुदत महिनाअखेर होती.

तिने नवऱ्याला सांगून पाहिलं. प्रसन्न सरळ माणूस, गो खेळातलं त्याला ओ की ठो कळत नाही. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, कायदा मोडलेला नाहीस, तू खरं सांगितलंस तर सुमेधला काय मिळणार? जपानचं वर्ष मिळणार नाही. उलट एवढ्या वर्षांनी त्याच्या मनाला जो आराम पडलाय तो जाईल. सही कर आणि सोड. हे बोलणं वावगं नव्हतं. खरं म्हणजे मुग्धाचं स्वतःशी हेच सगळं बोलून झालं होतं, आणि दर वेळी तिला शंका यायची की यातला किती विचार सुमेधसाठी आहे आणि किती स्वतःसाठी.

तिसऱ्या गुरुवारी ते खेळत होते तो डाव अगदी अटीतटीचा होता. शेवटाला आले, मोकळे छेद भरायला लागले. दिवा बंदच होता, त्यांनी तो कधी लावला नाही. मुग्धाने गप्पांच्या नादात एक सोंगटी उचलली, तशी सुमेधने तिच्या हातावर हात ठेवला.

"थांब. आधी आत भर. तिथे ठेवलीस तर तुझ्या चार जातील."

तिने पाहिलं. खरंच जात होत्या. तिने आत भरलं, आणि मोजल्यावर ती अर्ध्या गुणाने जिंकली. सुमेधने खांदे उडवले. आमच्या कारखान्यात दिसलं की सांगावं लागतं, म्हणाला. न सांगता पुढे पाठवलेला माल कधीतरी कोणाच्या गाडीत फिरतो. त्याच्या लेखी विषय संपला होता. त्याने चहा घेतला आणि तो गेला.

मुग्धाचं लक्ष त्यानंतर कशात लागलं नाही. वर्गात पोरं डाव संपवून निळ्या उजेडाकडे बघत होती. एकमेकांना काही विचारावं लागतं हेच त्यांना माहीत नव्हतं. आपल्याला विचारलं गेलं होतं, एवढंच तिच्या मनात घोळत राहिलं. यंत्राला सोंगटी जिवंत की मेलेली ते कळतं, पण मुग्धाला काय माहीत होतं ते कळत नाही. ते जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्या माणसाने अजून तोंड उघडलेलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी सुमेध आला तेव्हा पटावर डाव मांडलेला होता. त्याने जोडे काढता काढताच तो ओळखला.

"अजून तोच? अगं, झालं ना त्याचं."

"नाही झालं," मुग्धा म्हणाली. "बस. मला डाव पुन्हा सुरू करायची मागणी करायची आहे."

नियमपुस्तकात असं एक कलम आहे. दोन्ही पास झाल्यावर सोंगट्यांबद्दल एकमत होत नसेल, तर कोणीही डाव पुन्हा सुरू करायला सांगू शकतो. सांगणाऱ्याला त्यातून फायदा मिळू नये म्हणून पहिली चाल समोरच्याची. एकमत झाल्यावरही मागणी करता येते का, आणि किती दिवसांत, हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही. लिहायची गरज कोणाला वाटली असेल?

"बावीस वर्षांनी?" सुमेध हसत खुर्चीत बसला.

"मुदत घातलेली नाही. माझं एकमत नव्हतं, सुमेध. मी हो म्हणाले, पण नव्हतं."

त्याचं हसू एकदम गेलं नाही. ते चेहऱ्यावर तसंच राहिलं, आणि डोळे मात्र पटावर गेले. ती बोलायची थांबली नाही, कारण थांबली असती तर पुन्हा जमलं नसतं.

"शेवटची सोंगटी ठेवून बोट उचललं आणि दिसलं. तू विचारायच्या आधी. तुला आलेला संशय खरा होता."

खालच्या दवाखान्यातून दात कोरण्याच्या यंत्राचा आवाज येत होता. तो थांबला, परत सुरू झाला. सुमेधने वाटीतून एक पांढरी सोंगटी उचलली, दोन बोटांत धरली आणि कोपऱ्यात कडेपासून दुसऱ्या रेघेवर ठेवली. चुकूनही दुसरीकडे पाहिलं नाही. मुग्धाने उत्तर दिलं, आपल्या ताकदीनिशी दिलं. हातचं राखून खेळणं हा आणखी एक अपमान झाला असता. त्याने दुसरी ठेवली. सातव्या चालीला तिच्या भिंतीचा शेवटचा श्वास कोंडला.

"हरले," मुग्धा म्हणाली.

सुमेधने काळ्या सोंगट्या एकेक करून उचलल्या आणि ओंजळीत धरून बसला.

"म्हणजे मी कुजका नव्हतो," तो म्हणाला.

"नव्हतास."

"याच खुर्चीत बसून माफी मागितली मी तुझी. तेव्हासुद्धा गप्प बसलीस."

"हो."

"ती परत घेतो."

"घे," ती म्हणाली. "मी मागते. त्या दिवसाची आणि या महिन्याचीही."

त्याने माफी दिली नाही. पटाकडेच बघत त्याने विचारलं की आधी आत भरलं असतंस तर अर्ध्या गुणाने तूच जिंकत होतीस, हे तुला माहीत आहे ना. त्याने ते कधीच मोजलं होतं. मुग्धाच्या मनात गेली बावीस वर्षं नेमकं हेच वाक्य ओठांपर्यंत येऊन थांबत होतं. आज ते समोरून आलं होतं, आणि तिला त्याचा आधार घ्यावासा वाटला नाही.

"भरलं नव्हतं," ती म्हणाली.

तिने खणातून निवेदन काढून त्याच्यापुढे ठेवलं. छापील वाक्यावर तिने काट मारली होती आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: त्या सोंगट्या जिवंत आहेत हे मला त्या वेळी दिसलं होतं. खाली सही होती. सुमेधने ते दोनदा वाचलं. आता फलकावर त्याचं नाव लागणार होतं. चाकणला कोणाला त्याचं काही नव्हतं, आणि जपानातलं वर्ष काही कोणी तिथून काढून त्याच्या हातात देणार नव्हतं. हे त्याने बोलून दाखवलं, शांतपणे, आणि तिनेही ते नाकारलं नाही. नाफडेंची मात्र झोप उडणार, एवढं म्हणून त्याने कागद परत दिला.

तो उठला. चहा नको म्हणाला. जोडे घालून जिन्याच्या पहिल्या पायरीवर गेला आणि तिथून वळला.

"यंत्र आलंच नसतं, तर कधी सांगितलं असतंस?"

काहीतरी बरं उत्तर देता आलं असतं. त्याला बरं वाटलं असतं, तिलाही. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"नाही. नसतं सांगितलं."

सुमेधने कठड्यावर हात ठेवला.

"पुढच्या गुरुवारी नाही येणार मी," तो म्हणाला. "त्याच्या पुढच्या गुरुवारी ये म्हणालीस तर येईन. मला विचारायचं खूप आहे, आणि आता विचारलं की उत्तर मिळतंय."

"ये," मुग्धा म्हणाली.